वाटीतला न्यूमोनिया

भेटीच्या वेळी वॉर्डात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिपायासकट सगळ्यांनी हात जोडले होते. फुंकरबाबा खाटेखाटेशी थांबत, रोग्याच्या छातीवर बोट टेकवत, "नीघ, चांडाळणी, नीघ!" असं दरडावत आणि तेच बोट पाण्याच्या वाटीत बुडवत. पाणी जांभळंकाळं होई. "बघा, छातीतलं विष उतरलं!"

कोपऱ्यातल्या खाटेवर एकजण नळीच्या आधाराने श्वास घेत होता. उशाशी त्याची बायको, जागून जागून पार सुकलेली. न्यूमोनियाच्या जंतूंनी एकामागून एक औषधं पचवली होती. आता शेवटचं चालू होतं, तेही मूत्रपिंडांना जड.

बाबांनी नळीकडे पाहून नाक मुरडलं. "रोगाची बाहेर यायची वाटच बुजवलीय यांनी! काढा ही, घरी न्या. उद्या चालायला लागेल."

"वहिनी, आता गमवायचं तरी काय राहिलंय?" दीर म्हणाला.

तिच्यात विचार करायचंही त्राण नव्हतं. "न्या," ती पुटपुटली.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. "विष खुशाल उतरवा. आधी हात मात्र धुवा. शेजारच्या आजोबांना लावलेलं बोट यांना नको."

"पाण्याने शक्ती वाहून जाते, बाई!"

"आणि वाटीतल्या पाण्याने?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी बाबांचा हात नळाखाली धरला आणि वाढलेलं नख ब्रशने घासलं. पांढरंशुभ्र बेसिन जांभळं झालं.

"बेसिनलाही न्यूमोनिया झाला की!" शिपाई म्हणाला.

"ही पोटॅशियम परमँगनेटची पूड. विहिरीत टाकतात ना, तीच," बाई म्हणाल्या. "नखात चिमूटभर असली तरी वाटी रंगते. रोग उतरत नाही. उलट औषधांना दाद न देणारे जंतू या बोटावरून खाटेखाटेला पोचतात."

गडबडीत बाबांनी काढता पाय घेतला.

बायकोचा बांध फुटला. "मग तुम्ही तरी सांगा, वाचतील ना हे?"

"शब्द देता येत नाही, ताई. नळी काढली तर नक्की जातील. औषधाला वेळ दिला तर आशा आहे."

तिने दिराकडे पाहिलं. "भाऊजी, कुठेही न्यायचं नाही."

काही दिवसांनी शेजारचे आजोबा वारले. तिच्या नवऱ्याचा ताप मात्र हळूहळू उतरला. नळी निघाली, तरी चार पावलं टाकली की तो अजून धापा टाकतो. बाबांचा पत्ता विचारत आलेल्या एका बाईला ती म्हणाली, "आपलं माणूस जात असतं तेव्हा कुणावरही विश्वास बसतो, मला माहीत आहे. पण रोग्याला न तपासताच जो खात्री देतो, त्यालाच आधी तपासून घ्या."