गोजरबाईनं देऊ केलेलं हाड

हसनाबादच्या चतुराबाईचा खालचा जबडा एका बाजूनं फुगत चालला होता. वर्षभर तिनं लवंग आणि शेक यांच्यावर भागवलं. शेवटी दाढच हलायला लागली, तेव्हा तिचा नवरा सर्जेराव तिला जालन्याला दातांच्या डॉक्टर अरुंधतीबाईंकडे घेऊन गेला. साल अठ्ठ्याण्णव, गुढीपाडवा नुकताच झाला होता.

बाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. दाढेच्या मुळाशी पाण्याची गाठ होती आणि तिनं आतलं हाड खाऊन लिंबाएवढी पोकळी केली होती. गाठ साधी आहे, घाबरू नका, असं त्या म्हणाल्या. पण ती काढल्यावर जबडा तिथं इतका पातळ राहील की सुपारी चावतानाही मोडायचा. म्हणून पोकळी भरायला हवी. एक तर चतुराबाईच्याच कमरेचं थोडं हाड काढून, नाहीतर कारखान्यात तयार होणारे हाडासारखे दाणे घालून.

सर्जेरावानं हे गावात सांगितलं आणि पारावर पोचेपर्यंत त्याचं भलतंच झालं. चतुराला कोणाचंतरी हाड बसवणार, असं जो तो बोलू लागला.

ऑपरेशनच्या दिवशी बाईंनी जागा बधिर करून गाठ काढली. बारीक पांढरे दाणे चतुराबाईच्याच रक्तात कालवले, ओल्या वाळूसारखे पोकळीत दाबून भरले आणि वरून टाके घातले. काकडीच्या वेलाला आपण काठ्या लावतो तसे हे दाणे आहेत, असं त्यांनी समजावलं. त्यांच्या आधारानं तुमचं स्वतःचं हाड वाढेल, मात्र त्याला सहा-आठ महिने लागतील.

चतुराबाई टाके काढायला गेली तेव्हा बाई हात धुता धुता म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला सांगा, सगळं नीट झालं म्हणून. फार काळजीत होत्या."

"मला भईण न्हाई," चतुराबाई म्हणाली.

बाईंनी नळ बंद केला. ऑपरेशनच्या आधी एक उंच बाई तुमची बहीण म्हणून एकटीच आली होती, त्यांनी सांगितलं. हनुवटीवर गोंदलेलं. माझ्या कमरेचं हाड घ्या, पण तिला सांगू नका, म्हणत होती. दुसऱ्याचं हाड लागत नाही, असं समजावलं तरी तासभर बाकावरून उठली नाही.

गोंदणावरून चतुराबाईनं ओळखलं. ती गोजरबाई होती, तिची थोरली जाऊ. समोरासमोर दारं, पण चतुराबाईच्या लेकीच्या लग्नात गोजरबाईला मानाचं लुगडं द्यायचं राहून गेलं, तेव्हापासून दोघींत शब्द नव्हता. आपलं चुकलंय हे चतुराबाईला माहीत होतं, पण पहिल्यांदा बोलायचं कोणी?

 एसटीतून गावात उतरल्यावर ती घरी न जाता तडक समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. गोजरबाई ज्वारी पाखडत होती.

"अक्का, तुम्ही जालन्याला गेल्त्या?"

गोजरबाईनं सूप खाली ठेवलं. "गेल्ते. त्यांना माझं न्हाई लागलं."

"मला लागलं," चतुराबाई म्हणाली, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडली. गोजरबाई उठून आत गेली आणि तिच्यासाठी गार आंबील घेऊन आली, कारण घट्ट काही खायची तिला मनाई होती. पुढचे कितीतरी दिवस ती आंबील समोरच्याच घरातून येत राहिली.

मार्गशीर्षात दोघी मिळून जालन्याला गेल्या. नव्या एक्स-रेमध्ये पोकळीची काळी जागा जवळजवळ पांढरी झाली होती. आता काहीही खा, बाई म्हणाल्या. चतुराबाई त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला अर्ध्यातच धरलं.

"बाई, तुमच्यामुळं माझं तोंड वाचलं," ती म्हणाली, "आन् तुम्ही सांगितलं म्हणून माझी अक्का मला परत मिळाली."

त्या हिवाळ्यात गोजरबाईच्या शेतात हुरडा भाजला. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर चतुराबाईनं पोटभर खाल्ला, आणि गोजरबाई कणसं चोळून तिच्या ओंजळीत टाकत राहिली.