खरी जागा

वसंतात स्ट्रायपर मासे आले की ऱ्होड आयलंडच्या त्या खाडीकाठची माणसं खोटं बोलायला लागतात. एरवी चांगली, रविवारी चर्चला जाणारी माणसं. पण काळ्या पट्ट्यांचा तो मासा कुठं गळाला लागला, हे सख्ख्या भावालाही सांगायची नाहीत. या थापाड्यांत सेराफिम आणि नॉर्मंड या म्हाताऱ्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका वर्षी त्यांनी अख्ख्या गावाला गटाराच्या पाइपापाशी उभं केलं आणि स्वतः पडक्या बर्फकारखान्यामागच्या खडकावर मजेत मासे ओढत बसले.

फेब्रुवारीत नॉर्मंड गेला.

खडकावर दोघं फारसं बोलत नसत. एकाला मासा लागला की दुसरा म्हणायचा, "छोटाय." मासा केवढाही असो, "छोटाय." यंदा कुंपणावरची फोर्सिथियाची झुडपं फुलून पिवळीधमक झाली, हेरिंग मासे ओढ्यात चढायला लागले, तसा सेराफिम सवयीनं पहाटे खडकावर जाऊन उभा राहिला. थोड्याच वेळात रॉड वाकला. मासा चांगला हातभर होता. खालच्या जबड्यात अंगठा घालून त्यानं तो वर उचलला आणि दाखवायला डावीकडं वळला. डावीकडं कुणी नव्हतं. त्यानं मासा पाण्यात सोडला. नॉर्मंडला पुरलं त्या दिवशीही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान माणसं होती.

मग त्यानं ठरवलं, पुरे झालं, जागा सांगून टाकायची.

ओडेटच्या दुकानात आमिषाचे समुद्री किडे, गळ आणि कडू कॉफी मिळते. मोसमातला पहिला स्ट्रायपर ज्याला लागेल त्याच्यासाठी ती पितळी घंटा वाजवते. पुरावा एकच, अंगठा. या माशाचे दात कानशीसारखे बारीक. जबडा धरला की अंगठ्याची साल निघते.

"अंगठा दाखव, म्हाताऱ्या," ओडेट म्हणाली. तिनं तो उजेडात धरला आणि घंटा बडवली. "कुठं लागला?"

दुकानातल्या सगळ्यांनी कान टवकारले.

"बर्फकारखान्याच्या मागं," सेराफिम म्हणाला. "सपाट खडक आहे तिथं. भरती चढत असताना ओढ्याच्या तोंडाकडं फेकायचं."

मग दुकान हसून हसून लोळायचं बाकी राहिलं.

"काका," तरणा ड्वेन डोळे पुसत म्हणाला, "नॉर्मंड असते तर थाप जरा तरी पटेल अशी मारली असती!"

"अरे, खरं सांगतोय. चारपाच जण आरामात उभे राहतील. उद्या या, कॉफी मी आणतो."

"कॉफी? हा आणणार?" क्लिफर्डनं टेबलावर थाप मारली. या क्लिफर्डनंच त्या वर्षी गटारापाशी सगळ्यांत जास्त वेळ काढला होता. "म्हणजे मासे नक्की पलीकडच्या वाळूच्या दांड्यावर आहेत. लिहून घ्या!"

"नॉर्मंडची शपथ," सेराफिम म्हणाला.

हसणं थांबलं. ओडेटनं कॉफीचा कप त्याच्यापुढं जरा जोरातच आपटला. "मेलेल्या माणसाची खोटी शपथ? जनाची नाही, मनाची तरी ठेव."

त्यानं कॉफी संपवली आणि घरी गेला.

तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तो मोठा थर्मास आणि कप घेऊन खडकावर आला. एकेक गाडीचे दिवे वळणावर दिसत, तो थर्मासचं झाकण सैल करायचा, आणि गाडी न थांबता पुलावरून पलीकडं जायची. उजाडलं तेव्हा समोरच्या दांड्यावर ती सगळी मंडळी ओळीनं उभी होती. त्यांची थट्टामस्करी पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत होती. इथं मात्र फेकीगणिक मासा लागत होता.

"अरे, इकडं या!" तो ओरडला. "इथं आहेत!"

"कळलं, काका, कळलं!" पलीकडून ड्वेननं हात हलवला, आणि पुन्हा हशा पिकला.

सेराफिमनं आणखी एक मासा सोडला. मग थर्मास उचलला, रॉड गाडीत टाकला आणि पूल ओलांडून दांड्यावर गेला.

"बघा, बघा!" क्लिफर्ड नाचायचाच बाकी होता. "आला की नाही शेवटी? म्हटलं नव्हतं मी? सरका रे, जागा द्या म्हाताऱ्याला!"

ओळ सरकली. सेराफिम मधे उभा राहिला. दोन्ही बाजूंना माणसं होती, ओल्या रबराचा आणि तंबाखूचा वास होता.

"मग, तिकडं लागलं काही?" ड्वेननं डोळा मारत विचारलं.

सेराफिमनं सोललेला अंगठा मुठीत मिटला. "नाही रे. काही नाही तिथं."

शेजारी क्लिफर्डचा रॉड एकदम वाकला. सगळे ओरडले. त्यानं दातओठ खाऊन रीळ फिरवलं, आणि पाण्यातून शेवाळाचा भलामोठा गोळा वर आला.

"छोटाय," सेराफिम म्हणाला, आणि थर्मास उघडून कॉफी ओतायला लागला.