अकरा गोळ्या

चंद्रभाननं शेताच्या धुऱ्यावर चपला काढल्या आणि तो वांग्याच्या ओळीत शिरला. गोपिका वाकून वांगी तोडत होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि परत वाकली.

"वैनी," तो म्हणाला.

"काटे हायेत. सांभाळून."

पाठ करून आणलेलं वाक्य बाजूलाच राहिलं. त्यानं दुसरंच काढलं.

"मंडळीसमोर मी सगळं कबूल केलं."

"आयकलं. टाळ्याबी पडल्या म्हणे."

"टाळ्या नाई. हालेलूया म्हटलं लोकाईनं."

"एकच झालं."

खोटं नव्हतं ते. मागच्या रविवारी चर्चमध्ये तो ऐंशी माणसांपुढं गुडघ्यावर बसून रडला. पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, देवानं क्षमा केली असं जाहीर केलं आणि येत्या रविवारी वचन सांगायला पुन्हा उभा राहा म्हणाले. पंधरा मिनिटांत आटोपलं. मेलेल्या पोरीच्या आईला विचारायला इथं अल्लीपूरपर्यंत कुणी आलं नाही. कशाला येतील? तिथं हालेलूया म्हणायला कोण होतं?

गोपिकाची थोरली, जागृती. सातव्या वर्षापासून तिला मिरगी. चौदावं लागलं तेव्हा चंद्रभाननं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, गोळ्या बंद करा, गोळी म्हणजे अविश्वास. देवानं त्याला असं काही सांगितलं नव्हतं. घरभर बाया डोळे मिटून बसल्या होत्या, आमेन आमेन चाललं होतं, आणि त्या भरात त्याला तसं बोलणं गोड वाटलं. एवढंच. नवव्या दिवशी झटके सुरू झाले ते थांबलेच नाहीत. हिंगणघाटच्या वाटेवर, ऑटोतच पोर गेली.

"मले माफ करा, वैनी."

गोपिका उभी राहिली. ओटीत वांगी होती.

"चौदा महिने लागले तुले इथवर याले? आधी त्याईच्यापाशी गेला, मंग माह्याकडं. तिकडं सोपं होतं ना?"

"हो," तो म्हणाला.

असं उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. ओटी सावरून ती म्हणाली:

"प्रभूची प्रार्थना म्हणतो मी अजून. 'जशी आमी इतराईले क्षमा केली' हे आलं का जीभ अडते. तिथूनच परत फिरतो. तूच सांग, काऊन म्हणू पुढचं?"

अकरा वर्षं तो वचन सांगत आला होता. या प्रश्नावर त्याला सहा-सात वचनं तोंडपाठ होती, अध्यायासकट. त्यानं एकही काढलं नाही.

"चाल घरी," ती म्हणाली. "रडू नको इथं. काम हाय."

ओसरीवर धाकटी आचल दप्तर भरत होती. नऊ वर्षांची. गोपिकानं आतून एक कंपासपेटी आणली आणि चंद्रभानच्या हातात दिली.

"जागृतीची हाय. उघड."

आत गंजलेला कर्कटक होता, पट्टीचा तुकडा होता, आणि पांढऱ्या गोळ्या. त्यानं मोजल्या. अकरा.

"हिलेबी मिरगीच निंघाली, पोळ्यापासून," गोपिका म्हणाली. "रोज दोन गोळ्या. मी वावरात, हिचा बाप जामच्या ढाब्यावर कामाले, रविवारी येते. पोरगी घेतली म्हणते अन् इथं आणून ठेवते. मारलं, समजावलं. तर म्हणते, चंद्रभानकाका म्हणे गोळी म्हणजे अविश्वास."

चंद्रभान भिंतीला टेकून खाली बसला.

"बसू नको. माह्यं आयकत नाई ते. तुह्यं आयकते. तूच घातलं तिच्या डोस्क्यात, तूच काढ. माफीचं मंग पाहू."

आचल जवळ आली. काका बऱ्याच दिवसांनी आले म्हणून ती खूश होती.

"काका, प्रार्थना कराले आले?"

"नाई. गोळी द्याले."

पोरीनं आईकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"पण तुमीच म्हटलं होतं."

"चुकीचं म्हटलं होतं."

"देवानं सांगितलं होतं ना तुमाले?"

"नाई. मीच बोललो. देवाचं नाव लावून."

आचल बोटानं दप्तराचा बंद गुंडाळत होती, सोडत होती.

"मंग ताई तुमच्यापायी मेली?"

गोपिका दारात उभी होती. ती मधे पडली नाही.

मंडळीसमोर त्यानं याच गोष्टीला 'माझ्याकडून घडलेली दुर्बलता' म्हटलं होतं. चांगला शब्द होता. लोकांना रडू आलं होतं.

"हो," तो म्हणाला. "माह्यापायी मेली."

पोरगी रडली नाही. एक पाऊल मागं सरली आणि तिथूनच तिनं हात पुढं केला. गोपिकानं पुढं केलेल्या नव्या पाकिटातली गोळी त्यानं काढली. पहिली गोळी खाली पडली, त्यानं दुसरी काढली. तिनं ती तोंडात टाकली आणि पाणी प्यायली.

"आ कर," तो म्हणाला. "जीभ वर."

त्यानं वाकून नीट पाहिलं. काही नव्हतं. आचल दप्तर उचलून शाळेकडं निघाली. फाटकापर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दोघं ओसरीवर राहिले. गोपिकानं ओटीतली वांगी पाटीत ओतली. किडलेली बाजूला काढली, चांगली लावून ठेवली. बराच वेळ ती तेच करत होती. चंद्रभान उठला, धुऱ्यावर चपला राहिल्या होत्या, तसाच अनवाणी पायरी उतरला.

"संध्याकाळीबी एक असते," ती पाटीकडं पाहतच म्हणाली. "सात वाजता."