किनार राहिलेला शिर्दाक

बातमी आली त्या दिवशी झुराकान नेहमीसारखी उन्हात शिवत बसली होती. मी एक शिर्दाक, नमद्याचा गालिचा, घडी होऊन तिच्याखाली होतो आणि मांडीवर माझा भाऊ होता.

आम्ही जुळेच जन्मतो. लाल आणि काळा नमदा एकावर एक ठेवून एकाच सुरीने नक्षी कापतात. लालातली काळ्यात बसते, काळ्यातली लालात. भाऊ लेकीसाठी होता, मी घरासाठी. ती लेक, नुरझात, शरदात सासरी जायची होती.

फोन नारिन शहरातल्या डॉक्टरीणबाईंचा होता. डाव्या कोपरात नस दबली आहे, ऑपरेशन लांबवू नका, असं त्या सांगत होत्या. झुराकाननं घरात सांगितलं, थंडीनं मुंग्या येतात, मलम दिलंय.

मला खरं ठाऊक होतं. डावं कोपर गुडघ्यावर रोवून ती तीस वर्षं शिवत आली. महिन्यापूर्वी दाभण तिच्या करंगळीत रुतला, तो तिला कळलाच नाही. माझ्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं.

तो उन्हाळा तिनं भावाला दिला. हातातून नमदा सुटायचा, तशी नणंद ऐनाश टोमणा मारायची, "वहिनी, बोटं म्हातारी झाली की काय?"

"तुझी जीभ तरणी आहे ना, मग झालं."

नुरझात भावाला घेऊन गेली. त्यानंतर झुराकान शहरात गेली. तिथं कोपराच्या हाडामागे अडकलेली नस मोकळी करून पुढच्या बाजूला आणून ठेवली. मुंग्या थांबल्या. चिमटीतला जोर मात्र परतला नाही.

लेक भेटायला आली. आईची वेणी घालता घालता म्हणाली, "चार महिने आधी आली असतीस तर हात वाचला असता, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मला का नाही सांगितलंस, आई?"

 झुराकान म्हणाली, "सांगितलं असतं, तर तू नेला असतास का तो शिर्दाक?"

नुरझातचे हात वेणीतच थांबले.

ऐनाश मला पुरा करून देते म्हणाली. झुराकान नको म्हणाली. जुळ्यांवर एकच हात फिरावा, असं तिला वाटतं. अधूनमधून ती मला खाली घेते, डाव्या चिमटीत किनारीचा गोफ धरू पाहते. तो निसटतो. मग मी परत रजयांच्या चळतीवर जातो. माझ्या अंगातलं काळं भावाचं आहे, त्याच्या अंगातलं लाल माझं. तो दोन खिंडींपलीकडे आहे.

शिवणाऱ्या बायांनो, करंगळी बधिर झाली तर आम्हाला बाजूला ठेवा. आम्ही थांबतो.

माझी दोन हात किनार शिवायची राहिली आहे.