धारेची साडी

"गाय आहे ती, माहेरची मैत्रीण नव्हे! बसली आपली तिच्या पोटाला डोकं लावून गुजगोष्टी करत! असं लाडावतं का कुणी जनावराला?"

थोरलीचं हे रोज सकाळी ठरलेलं. घरातले तिला थोरली म्हणत, म्हणून गावही म्हणे. झाडू घेऊन ती गोठ्याच्या दाराशी घोटाळायची. अंगण कधीच लख्ख झालेलं असायचं, पण झाडू काही तिथून हलायचा नाही. आत सून धार काढत असे. पाय बांधणं नाही, दरडावणं नाही. नुसतं कुजबुजायचं, नि कबरी डोळे मिटून पान्हा सोडायची. वर मान वळवून सुनेचा दंड चाटायची, ते तर थोरलीला बघवत नसे.

कारण कबरीला वाढवली थोरलीनं. आई मेलेली वासरी, बोटं चोखायला देऊन दूध प्यायला शिकवली. थंडीत आपलं पांघरूण तिच्या अंगावर घातलं. नि पहिल्या वेताला नेमका थोरलीचा हात मनगटात मुरगळला! पहिली धार सुनेनं काढली. पहिलारू गाय ज्या हाताला लागते त्याच हाताची होते, हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं. ठाऊक होतं, म्हणून तर जीव जळत होता.

अशात सुनेच्या बहिणीचं बाळंतपण आलं.

"आई, मी गेले तर कबरी..."

"जा गं खुशाल! तू यायच्या आधी या घरात काय पाणी पीत होते सगळे?"

सून गेली. संध्याकाळी थोरली बादली घेऊन ऐटीत बसली. "हं, उभी राहा नीट, बेइमान!" कबरीच्या पाठीची कातडी थरथरली. तिनं पान्हा चोरला तो चोरलाच. सडांतून टिपूस नाही, वर लाथ. सकाळीही तेच. कास दगडासारखी तटतटली, हात लावू देईना.

"आई, तिला बोलावून घेतो," मुलगा म्हणाला. "कास जाईल गाईची."

"खबरदार! मग मी या गोठ्यात पाय ठेवायची नाही."

"तू ठेवतेस म्हणून तर ही वेळ आलीय," असं पुटपुटत तो बाहेर पडला.

संध्याकाळी धारेच्या वेळी थोरली घरात आली. खुंटीवर सुनेची धारेची साडी लटकत होती. विटकी हिरवी, शेणाचा, दुधाचा, गाईच्या आंबोणाचा वास मारणारी. याच वासावरून थोरलीनं किती तोंड सोडलं होतं! तिनं दाराला कडी घातली नि ती साडी नेसली. आरशाकडे मात्र फिरकली नाही.

कबरीनं पदर हुंगला. थरथर थांबली. थोरलीनं कोमट पाण्यानं कास शेकली, सड चोळले, नि बादलीत जाड धार वाजली. थोरलीचा ऊर भरून आला.

"आता कळलं का गं, मालकीण कोण ते?"

तोंडातून शब्द सुटला नि लाथ बसली. बादली कोलमडली, दूध शेणात गेलं.

हळूहळू थोरलीच्या ध्यानात आलं. रोज धारेच्या वेळी दाराशी खेकसणारा आवाज कुणाचा? गाय सुनेला भुलली होती हे खरं, पण आपल्याला भ्याली होती. हे तिला त्या लाथेपेक्षा जास्त लागलं.

तिनं बादली विसळून आणली. ओठ घट्ट मिटले. जन्मात एवढा वेळ ती गप्प बसली नसेल. धार पुन्हा लागली.

बादली भरत आली तशी दारात सावली पडली. मुलानं परस्पर निरोप धाडलाच होता.

"आई... माझी साडी?"

थोरलीनं मान वर केली नाही. शेवटचा थेंब काढून होईपर्यंत सून दारात, नि सासू मुकी. मग थोरली उठली, बादली घेऊन पार अंगणात आली, नि तिथं तोंड उघडलं.

"लाडावलीस ती लाडावलीस. सकाळची धार तुझी, संध्याकाळची माझी. ही साडी मी धुणार नाही नि परतही देणार नाही, तू दुसरी काढ. तू गोठ्यात असलीस की मी परसात झाडीन. पण घरात आलीस की बोलणार! मी गाईचं ऐकलंय, तुझं नाही."