चौथ्या प्रकरणातली पायरी

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अपर्णा गजभियेच्या लक्षात आलं की तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण ज्या पायरीवर उभं आहे, ती पायरी कोणी बांधलेलीच नाही.

तिने दोन निबंध टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डावीकडचा तिचे मार्गदर्शक प्रोफेसर एर्व्ह ल गाल यांचा, १९९१चा. याच निबंधाने त्यांचं नाव झालं आणि फ्रान्समधल्या रेन शहरात असताना त्यांना इथल्या, न्यू जर्सीतल्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. त्यात मधेच एक लेमा होता, म्हणजे मुख्य प्रमेयाकडे जाताना लागणारी एक छोटी पायरी. सिद्धतेच्या जागी एकच ओळ होती : ‘आलँ मोरवाँ यांनी तोंडी सांगितल्याप्रमाणे.’ उजवीकडचा निबंध या मोरवाँ यांचा, १९९४चा, फ्रेंच. ग्रंथालयाने महिनाभर खेटे घालायला लावून तो मिळवून दिला होता. त्यातही तोच लेमा होता, आणि सिद्धतेच्या जागी लिहिलं होतं : ‘पाहा, ल गाल, १९९१.’

अपर्णाने शब्दकोश काढून ती ओळ पुन्हा वाचली. अर्थ बदलला नाही.

“मग?” चैत्रालीने विचारलं. ती अपर्णाची रूममेट. पुण्याची, जवळच्या एडिसन गावातल्या एका कंपनीत कामाला. पोळी तव्यावर टाकून ती मागे वळली होती. “गालफुगे काय म्हणाले?”

“प्रोफेसर ल गाल म्हण गं. अजून सांगितलं नाही.”

“सांगूच नकोस यार. तीस वर्षं सगळे तो पेपर साइट करतायत ना? तू पण कर आणि सबमिट कर. एप्रिलमध्ये डिफेन्स, ऑगस्टमध्ये टेक्ससचा जॉब. डिग्री नाही तर जॉब नाही, जॉब नाही तर व्हिसा नाही. हे तर मलाही प्रूव्ह करता येतं.”

“पण ते खरं नसेल तर?”

“खोटं आहे असं तरी कुठे सापडलंय तुला? पोळी घे, गार होतेय.”

खोटं आहे असं सापडलं नव्हतं, हे बरोबर होतं. अपर्णाने तीन आठवडे लेमा सिद्ध करायचा प्रयत्न केला होता आणि तीन आठवडे तो खोटा पाडायचाही. दोन्ही जमलं नव्हतं.

प्रोफेसरांना सांगणं तिच्या जिवावर आलं होतं. विद्यापीठाच्या या पिस्कॅटवे गावात ते दोन वर्षांसाठी म्हणून आले, त्याला आता तेहेतीस वर्षं झाली होती. चौथ्या वर्षी बायको मुलीला घेऊन परत गेली. त्यानंतरही ते त्याच दोन खोल्यांच्या घरात राहिले. सव्वीस विद्यार्थ्यांना त्यांनी डॉक्टरेटपर्यंत नेलं. दर बुधवारी तीन वाजता ते ऑफिसात किटलीत चहा करत. पूर्वी तिथे बसायला जागा नसायची, असं जुनी माणसं सांगत. आता त्या चहाला एकटी अपर्णा असे. ते कप मात्र चार मांडत. उरलेले दोन धुवायची गरज नसायची, तरी ते धुवून ठेवत.

त्या बुधवारी तिने चहा होऊ दिला आणि मग दोन्ही कागद पुढे सरकवले.

त्यांनी आधी डावीकडचा वाचला, मग उजवीकडचा. दुसऱ्यावर ते बराच वेळ थांबले. आपल्या मित्राचा हा निबंध त्यांनी कधी वाचलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

“चौऱ्याण्णव,” ते म्हणाले. “तेव्हा आमचं बोलणं बंद होतं.”

“का?” तोंडातून निघून गेल्यावर तिला वाटलं, विचारायला नको होतं.

“त्याने रेनला माझ्यासाठी एक जागा वर्षभर अडवून ठेवली होती. मी परत येईन म्हणून. मी येत नाही, एवढंही त्याला कळवलं नाही.” त्यांनी चष्मा काढला. “येतो म्हणायचं धैर्य नव्हतं, नाही म्हणायचंही नव्हतं. वर्ष संपलं.”

बाहेर हिरवळीवर बदकांच्या जातीचे ते मोठे करडे पक्षी भांडत होते. प्रोफेसर तिकडे बघत होते.

“अपर्णा, हे तू काढलं नसतंस तर कोणाला कळलं नसतं. तीस वर्षं कळलं नाही. पुढची तीसही कळणार नाही.”

ते तिच्याकडे न बघता थांबले. ती काय म्हणेल याची ते वाट बघताहेत हे तिला समजलं, आणि ‘हो’ म्हणणं किती सोपं आहे हेही.

“मला कळलंय, प्रोफेसर,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. “मी मोरवाँ यांना ई-मेल करू का?” तिने विचारलं.

“नको. हे असं विचारायचं नसतं.” त्यांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. जुना नंबर त्यांना पाठ होता. मधल्या काळात फ्रान्सने सगळ्या नंबरांच्या सुरुवातीला आकडे वाढवले होते, ते त्यांनी कागदावर जोडून घेतले. त्यांच्यासारख्या माणसाला एवढ्यासाठी कागद लागावा याचं तिला वाईट वाटलं. तिथे रात्रीचे नऊ वाजून गेले होते.

फोन उचलला गेला. प्रोफेसरांनी फक्त आपलं नाव सांगितलं. मग ते फ्रेंचमध्ये बोलू लागले, आणि अपर्णाला पाच वर्षांत न ऐकलेला आवाज ऐकू आला, भरभर, वर चढणारा, गावाकडच्या माणसाचा. एकदा ते हसले. एकदा त्यांनी डोळ्यांवर हात धरला. तिला एकही शब्द कळत नव्हता. उठून जावं असं वाटलं, पण आपल्या प्रबंधाचं काय झालं ते कळल्याशिवाय पाय निघेना.

चाळीस मिनिटांनी त्यांनी फोन ठेवला.

“त्याच्याकडे सिद्धता नाही. कधीच नव्हती. त्याला वाटलं माझ्याकडे आहे.”

“असं कसं होईल?”

“नव्वद सालची गोष्ट. आम्ही समुद्रकाठी फिरत होतो. तो म्हणाला, हे तर सोपं आहे. मी म्हणालो, हो, सोपंच आहे.” ते कोरडं हसले. “कसं सोपं, हे विचारायची दोघांनाही लाज वाटली. घरी जाऊन मी खूप प्रयत्न केला, मग ठरवलं की त्याला येतंय. त्यानेही तेच केलं.”

“पण ते खरं आहे का?”

“बहुतेक.”

गणितात या शब्दाला काही किंमत नाही, हे त्यांनीच तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिलं : १९९१च्या निबंधात एक पायरी सिद्ध झालेली नाही, चूक माझी. कोणीतरी पत्राची प्रत विभागातल्या फलकावर लावली. लोक जिन्यात त्यांच्याशी जास्तच हळू आवाजात बोलू लागले. अपर्णाने चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं. ‘आम्ही सिद्ध करतो की’ होतं तिथे आता ‘लेमा खरा असल्यास’ आलं. एप्रिलमध्ये डिफेन्सच्या, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या वेळी समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “मग पाच वर्षांच्या कामाचं शेवटी एक ‘जर’ झालं, असं म्हणायचं का?” अपर्णा म्हणाली, “या प्रकरणाचं झालं.” समितीने सह्या केल्या.

पुढच्या बुधवारी ती तीन वाजता गेली, तर ऑफिसचं दार लावलेलं. आतून फ्रेंच ऐकू येत होतं आणि खडूचा आवाज. तिने टकटक केली. प्रोफेसरांनी दार अर्धं उघडलं. फोन स्पीकरवर होता आणि फळा वरपासून खालपर्यंत भरलेला. त्यांच्या गालाला खडू लागला होता. “आलँने एक नवी वाट काढली आहे,” ते म्हणाले. “उद्या येशील?” फोनमधून हाक आली आणि ते वळले. किटली थंड होती.

जिन्यातच नागपूरहून बाबांचा फोन आला.

“डॉक्टर गजभिये बोलताहेत का?”

“बाबा, झोपला नाहीत अजून?”

“झोप कसची. उद्या आपल्या इंदोऱ्याच्या वस्तीत पेढे वाटतोय. वाचनालयात सांगून ठेवलंय, पोरीने प्रमेय पूर्ण केलं म्हणून. केलंस ना?”

हो म्हटलं असतं तर बाबांना काय कळलं असतं?

“डिग्री पूर्ण झाली. प्रमेयाची एक पायरी राहिलीय.”

“मग कोण करणार ती?”

“दोन म्हातारे करताहेत.”

“आणि तू?”

“मीपण.”

“त्यांच्यासोबत?”

“नाही. एकटीच.”

“बरं,” बाबा म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पेढे वाटू ना मग?”

“वाटा, बाबा.”

खालच्या मजल्यावर एक वर्ग रिकामा होता. पुढच्या तासाला चाळीस मिनिटं होती. अपर्णाने फळा पुसला, वरच्या कोपऱ्यात लेमा लिहिला, त्याखाली ‘सिद्धता’ लिहून पुढे दोन टिंबं दिली, आणि खडू हातात धरून उभी राहिली.