आरशावरचं शेवटचं पान

आमच्या दादाकडे दुर्मिळ कॉमिक्सचा असा साठा, की उंदीरसुद्धा परवानगी घेऊनच आत शिरतात. फक्त एका अंकाचं शेवटचं पान नव्हतं. त्यापायी त्याने इतकी रद्दी उपसली, की त्याला लांबून बघूनच रद्दीवाले शटर ओढायचे. अखेर ते पान न्हाव्याच्या दुकानात सापडलं, आरशाची चीर झाकायला चिकटवलेलं. सोलायला जावं तर फाटणार.

दादा टोपी काढून खुर्चीत बसला. डोक्यावर औषधालाही केस नाही.

“दादा, कापू काय?” न्हाव्याने विचारलं.

“माझं वाचून होईपर्यंत कात्री नुसती वाजव.”

आता दर रविवारी तो तिथे ताठ मानेने बसतो. पाहुण्यांना सांगतो, “पूर्ण अंक जगात माझ्याकडेच आहे. शेवटचं पान तेवढं दुकानात ठेवलंय.”